"आज उशीर झाला तुम्हाला": रात्रनिवाऱ्यातल्या एका व्हॉलंटिअरचं प्रकरण

बेघर माणसांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेत रात्रनिवाऱ्यावर येणाऱ्या व्हॉलंटिअर्सचं वेळापत्रक, ट्रेनिंग, अडीअडचणी हे सगळं मी बघते, आणि मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे यातून आपल्याला काय मिळतं? लोक हा प्रश्न जरा चाचरत विचारतात, म्हणजे असं विचारणंच चुकीचं आहे की काय असं वाटत असतं त्यांना. मला तो प्रश्न अगदी योग्य वाटतो. पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून एका व्हॉलंटिअरची पूर्ण गोष्ट लिहून काढतेय, तिला विचारून, तिने वाचून हो म्हटल्यावर. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, इथेही तेच ठेवते.

ताई आली तेव्हा पन्नाशीला टेकलेली, नोकरी हिशेबाची, घरी ती आणि आई दोघीच. आई शेवटची सहा वर्षं अंथरुणावर होती, त्यामुळे ऑफिस सुटलं की घर, औषधं, कूस बदलणं, रात्री दोनदा उठणं असा दिनक्रम, आणि मग आई गेली. चार महिने झाले होते. ती म्हणाली की संध्याकाळी सात वाजले की हात आपोआप औषधाच्या डब्याकडे जातात आणि मग आठवतं. फॉर्मवर 'तुम्हाला का यायचंय' या रकान्यात तिने लिहिलं होतं, समाजासाठी काहीतरी करायचंय.

हा रकाना मी नेहमी दोनदा वाचते. क्लॅरी आणि स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर मांडलं होतं की माणसं व्हॉलंटिअर होतात त्यामागे साधारण सहा प्रकारची कारणं असतात: आपली मूल्यं, काहीतरी शिकायचं असणं, करिअर, आपल्या आजूबाजूचे लोक करतात म्हणून, स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून, आणि सहावं कारण म्हणजे मनातल्या एकटेपणापासून, अपराधीपणापासून थोडी सुटका मिळावी म्हणून. ताईने लिहिलं होतं पहिलं कारण, आणि माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं सहावं. मी तिला तसं बोलले नाही, पण परतही पाठवलं नाही, कारण याच स्नायडरने ओमोटो नावाच्या सहकाऱ्याबरोबर एड्सच्या रुग्णांना मदत करणाऱ्या व्हॉलंटिअर्सचा अडीच वर्षं मागोवा घेतला होता, १९९५ साली ते छापून आलं, आणि त्यात जास्त काळ टिकलेले लोक हे स्वतःसाठी काहीतरी हवं म्हणून आलेले होते. तेव्हा स्वतःची गरज घेऊन येणाऱ्या माणसाला मी कमी लेखत नाही. फक्त ती गरज काय आहे हे कधीतरी त्याला स्वतःला कळायला हवं.

पहिले दोन महिने ताईने कामाचा फडशा पाडला. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात ते दहा. रजिस्टर लिहिणं, गाद्या घालणं, ब्लँकेटं वाटणं, जेवणाची ताटं. सहा वर्षं आजारी माणूस सांभाळल्यामुळे तिचा हात इतका बसलेला की बाकीच्यांना अर्धा तास लागायचा तिथे तिला दहा मिनिटं. ब्लँकेट वाटताना ती खाटांच्या रांगेतून भराभर जायची, प्रत्येकाच्या पायाशी एक ठेवायची आणि पुढे. सगळे तिचं कौतुक करायचे, मीपण केलं. पण एक गोष्ट मला खटकत होती, ती कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हती आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. घरी जाताना मी विचारायचे कसं वाटलं, ती म्हणायची, "छान, वेळ गेला."

हे न बघणं फक्त तिचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात लसाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांनी २००६ मध्ये काही लोकांना वेगवेगळ्या माणसांचे फोटो दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. समोर माणूस आहे, त्याला मन आहे, असा विचार करताना मेंदूचा जो भाग सहसा जागा होतो, तो बेघर माणसांचे फोटो बघताना फारसा जागा झालाच नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. पण त्यांनीच पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते: फोटोतल्या माणसाला अमुक भाजी आवडत असेल का, एवढाच प्रश्न विचारला की तो भाग पुन्हा कामाला लागतो. म्हणजे दया करा, प्रेम करा असलं काही सांगावं लागलं नाही, फक्त त्या माणसाला काय आवडत असेल एवढा विचार करायला लावला.

तिसऱ्या महिन्यात ते झालं. निवाऱ्यात एक बाई होती, मुलीला नातेवाइकांकडे ठेवून आलेली, तिला खोली मिळाली की मुलीला आणायची होती. ती ताईजवळ बसून बोलायची आणि ताईला पहिल्यांदाच कोणीतरी जवळचं वाटायला लागलं होतं, आणि एका मंगळवारी ताई तिला म्हणाली, "तुमच्या खोलीचं मी बघते." आता खोलीचं बघणं व्हॉलंटिअरच्या हातात नसतं, त्याला सोशल वर्कर आहे, यादी आहे, कागदपत्रं आहेत, महिनोन्‌महिने जातात. ताईने खरंच प्रयत्न केले, ऑफिसातून फोन केले, ओळखीच्यांना विचारलं, काही झालं नाही. तीन आठवड्यांनी त्या बाईने सगळ्यांसमोर ताईला सुनावलं की तुम्ही लोक नुसतं बोलता आणि रात्री आपापल्या घरी जाऊन झोपता, आणि त्याच रात्री ती सामान घेऊन निघून गेली.

रात्री अकराला ताईचा फोन आला. रडत होती. "इतकं केलं मी तिच्यासाठी" हे ती तीन-चार वेळा म्हणाली आणि मग एकदम गप्प झाली, आणि मग म्हणाली, "आईपण शेवटी शेवटी असंच बोलायची मला."

यात चूक आमची होती हे मला स्पष्ट लिहायचंय. काय करायचं हे आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पण कोणतं वचन द्यायचं नाही, आणि कोणी चिडलं तर तो राग बहुतेक वेळा समोरच्या माणसावर नसून उघड्यावर काढलेल्या सगळ्या रात्रींवर असतो, हे नीट सांगितलंच नव्हतं. आता पहिल्याच दिवशी सांगतो. 'मी बघते' याऐवजी 'मी विचारून शुक्रवारी तुम्हाला सांगते' असं म्हणायचं, आणि उत्तर नाही असं असलं तरी शुक्रवारी सांगायचंच. ती बाई पुढे दुसऱ्या एका निवाऱ्यात असल्याचं कळलं, एवढंच.

ताई दोन आठवडे आली नाही. मला वाटलं गेली. मग आली आणि म्हणाली, मला वाटपाचं काम नको, दुसरं काहीतरी द्या. मी तिला पायांवर बसवलं.

पायांचं काम म्हणजे काय ते सांगते. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे पाय सगळ्यात आधी जातात. दिवसभर चालणं, ओले मोजे, मापात नसलेले बूट, रात्री बूट काढले तर चोरीला जातील म्हणून तसंच झोपणं. बॉस्टनमध्ये १९८५ साली जिम ओ'कॉनेल नावाचा तरुण डॉक्टर बेघर लोकांसाठी काम करायला पाइन स्ट्रीट इन या निवाऱ्यात गेला, तेव्हा बार्बरा मॅकिनिस या तिथल्या नर्सने त्याला आधी स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि लोकांचे पाय पाण्यात भिजवायच्या कामाला बसवलं. तो फक्त वर्षभरासाठी आला होता, पुढे कित्येक दशकं तेच काम करत राहिला. आम्ही हे त्यांच्याकडूनच उचललंय. पाय धुताना तुम्ही खाली बसता आणि समोरचा खुर्चीवर, त्यामुळे कोण कोणावर उपकार करतंय हा हिशेब जरा बाजूला पडतो, आणि वीस मिनिटं दोघांनाही कुठे पळता येत नाही.

याचे नियम आहेत. आधी विचारायचं, मधुमेह आहे का, जखम उघडी आहे का. असेल तर पाय भिजवायचे नाहीत, नर्सला बोलवायचं. पाणी कोमट, आणि ते आपल्या मनगटावर बघायचं, कारण नसा बधिर झालेल्या माणसाला पाणी चटका देणारं आहे हे कळतच नाही. हातमोजे घालायचे. शेवटी बोटांच्या मधली जागा टिपून कोरडी करायची, घासायचं नाही. नखांना व्हॉलंटिअरने हात लावायचा नाही. ताईने हे सगळं एका दमात शिकून घेतलं, ते तिला येतच होतं.

तिच्या टबासमोर दर शुक्रवारी एक काका बसायचे. साठीचे असावेत, बोलायचे नाहीत, म्हणजे कोणाशीच नाही, रजिस्टरमध्ये नाव सांगण्यापुरतं बोलणं. पहिल्या शुक्रवारी त्यांचा मोजा टाचेला चिकटलेला होता, फोड फुटून वाळल्यामुळे कापड कातडीत रुतलेलं. ताईने तो ओढला नाही. नर्सला बोलावलं, नर्सने सलाइनच्या पाण्याने ओला केलेला गॉज त्यावर ठेवायला सांगितलं, आणि ताई तिथेच पाट घेऊन बसून राहिली, दर दोन मिनिटांनी थोडं पाणी सोडत, काठ किती सुटला बघत. पंचवीस मिनिटं लागली मोजा सुटायला. काका छताकडे बघत होते, मोजा सुटला तेव्हा त्यांनी पायाची बोटं एकदा हलवली, बस. ताई म्हणते की तेवढ्या वेळात तिने त्यांचा पाय आणि घड्याळ सोडून दुसरं काहीच बघितलं नाही आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा डोक्यात तिचा विचार आला नाही.

शेवटी कोरडे मोजे द्यायचे असतात, आणि मी सगळ्यांना सांगितलेलं की देताना दोन जोड पुढे करा, विचारा कुठला हवा. ताई विचारायची, "काका, निळे की तपकिरी?" उत्तर नाही. मग ती एक जोड मांडीवर ठेवायची. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, निळे की तपकिरी? उत्तर नाही. असे पाच शुक्रवार. बाकीचे व्हॉलंटिअर म्हणायला लागले की त्यांना ऐकू येत नसेल. सहाव्या शुक्रवारी काकांनी बोट दाखवलं, निळे. ताईने मला लगेच मेसेज केला, फक्त एक शब्द, 'निळे', आणि मला कळलं.

मग पावसाळ्यात एका शुक्रवारी ती अर्धा तास उशिरा पोचली, भिजलेली, पर्स वगैरे टाकून टबाकडे पळाली तर काका आधीच खुर्चीवर बसलेले, मोजे काढून घडी करून शेजारी ठेवलेले, आणि तिला बघून म्हणाले, "आज उशीर झाला तुम्हाला."

तिने हे मला रात्री सांगितलं तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. आई गेल्यापासून तिला उशीर झाला हे कोणाच्या लक्षातच येत नव्हतं. घरी कोणी वाट बघत नाही, ऑफिसात मस्टरवर सही असते पण ती वाट बघणं नाही ना. कितीतरी महिन्यांनी एका माणसाने तिची वाट बघितली होती आणि तसं बोलून दाखवलं होतं. थँक यू नाही म्हणाले काका, कधीच म्हणाले नाहीत, आणि ताईला त्याची आठवणही झाली नाही. माझ्या मते या कामातून जे मिळतं ते हे आहे. आपण कोणाच्या तरी शुक्रवारचा भाग होतो. आभार मिळतात तेव्हा आपण देणारे आणि तो घेणारा असंच राहतं, पण 'उशीर झाला' असं ओळखीच्या माणसालाच म्हणतात.

त्यानंतर तिच्यात काय बदललं हे मी तिच्याशी बसून लिहून घेतलं, वर्ष पूर्ण झाल्यावर. झोप सुधारली, आधी मंगळवार-शुक्रवारी, मग बाकीच्या दिवशीही. दोन व्हॉलंटिअर तिच्या पक्क्या मैत्रिणी झाल्या, त्यातली एक तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. भावाशी सहा वर्षं धड बोलणं नव्हतं, आईचं सगळं हिच्यावर टाकलं म्हणून राग, त्याला तिने फोन केला आणि यावेळी आरोप न करता विचारलं की त्या वेळी तुला काय वाटत होतं. ऑफिसात एक मुलगा कायम चुका करायचा, त्याला ती झापायची, आता आधी विचारते की कुठे अडतंय. हे सगळं 'निळे की तपकिरी' मधूनच आलंय असं ती म्हणते, आणि मला ते पटतं. विचारायची आणि मग उत्तराची वाट बघायची सवय लागली की ती फक्त निवाऱ्यात राहत नाही, माणूस ती घरी घेऊन जातो.

जे मिळालं नाही तेही लिहायला हवं. दुःख गेलं नाही. आईच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात ती आली आणि टबापाशी बसून रडली, काका आणि ती दोघंही गप्प बसून होते. थकवाही खूप येतो, आणि काही रात्री दार बंद करताना जागा नाही म्हणून कोणाला तरी परत पाठवावं लागतं, ते चेहरे घरी येतात आपल्याबरोबर. कोणी तुम्हाला सांगितलं की हे काम केलं की मन आनंदाने भरून जातं, तर त्यांनी दार बंद करायची ड्युटी केलेली नाही.

तब्येतीबद्दल लोक हमखास विचारतात, व्हॉलंटिअरिंगने आयुष्य वाढतं म्हणे. असे बरेच अभ्यास आहेत पण जपून बोलावं लागतं, कारण मुळात ज्यांची तब्येत बरी तेच व्हॉलंटिअर होऊ शकतात. त्यातला मला विचार करायला लावणारा एक म्हणजे सारा कॉनरॅथ आणि सहकाऱ्यांचा, २०१२ चा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा संपवलेल्या लोकांना २००४ मध्ये विचारलं होतं की तुम्ही हे काम का करता, आणि चार वर्षांनी बघितलं की कोण हयात आहे. दुसऱ्यांसाठी म्हणून करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, मुख्यतः स्वतःच्या फायद्यासाठी करणाऱ्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. आता हे त्या १९९५ च्या निष्कर्षाच्या उलट वाटेल, पण ताईकडे बघून मला यात विरोध दिसत नाही. ती स्वतःसाठी आली म्हणून टिकली, आणि टिकली म्हणून कधीतरी तिचं लक्ष स्वतःवरून उठून काकांच्या टाचेवर गेलं. हे माझं मत झालं, अभ्यासात कोणी असं म्हटलेलं नाही.

काकांच्या बाजूनेही काहीतरी घडत होतं. आठव्या की नवव्या महिन्यात ते स्वतःचे पाय झाल्यावर उठून टब रिकामे करायला लागले, मग पुसायला, मग नवीन आलेल्या माणसाला खुर्ची ओढून द्यायला. एका व्हॉलंटिअरने त्यांना थांबवलं, "काका, तुम्ही बसा, आम्ही करतो", आणि मी त्या व्हॉलंटिअरला बाजूला घेऊन फ्रान्समधली गोष्ट सांगितली. १९४९ मध्ये आबे पिएर या धर्मगुरूकडे जॉर्ज नावाचा, तुरुंगातून सुटून आलेला, जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस आला, तेव्हा पिएर त्याला म्हणाले की तुला द्यायला माझ्याकडे काही नाही, पण बेघरांसाठी घरं बांधतोय त्यात मला मदत करशील का. तिथून एमाउस ही चळवळ उभी राहिली, आज ती कितीतरी देशांत आहे, आणि तिच्यात पूर्वी बेघर असलेली माणसं स्वतः काम करून संस्था चालवतात. आपल्याला कोणाच्या तरी उपयोगी पडल्यावर जे मिळतं, ते निवाऱ्यातल्या माणसालाही हवं असतं, आणि बसा बसा म्हणून आपण तेच त्याच्याकडून काढून घेतो. त्या दिवसापासून टब काकांचे.

चौदाव्या महिन्यात काकांना खोली मिळाली. आधी व्यसन सोडा, औषधं घ्या, लायक होऊन दाखवा आणि मग घर, ही जुनी पद्धत उलटी करून आधी घर आणि मग बाकीची मदत असं काम सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलं, आणि पुढे २००९ पासून कॅनडाने पाच शहरांत सुमारे दोन हजार लोकांवर ते तपासून बघितलं तर आधी घर मिळालेले लोक घरात खूपच जास्त काळ टिकले. काकांना मिळालेली खोली त्याच धर्तीवरची, दर आठवड्याला एक कार्यकर्ता जाऊन भेटतो. मी हे ताईला वारंवार सांगत असते, कारण पाय धुण्याने कोणी घरात जात नाही, घरं दिल्याने जातं, आणि आपल्याला मिळणाऱ्या समाधानात हे विसरलं जाऊ नये. पाय धुणं हे तोपर्यंतच्या रात्रींसाठी आहे.

सामान हलवायला ताई गेली होती. दोन पिशव्या, एक रजई. काकांनी कुलूप तीनदा उघडून बंद करून बघितलं, मग बूट काढून दाराबाहेर ठेवले, आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा आत आणले. ताई काही बोलली नाही. परत येताना तिला वाटत होतं की आता शुक्रवारी निवाऱ्यावर जाववणार नाही.

पण आली. काकांच्या खुर्चीवर आता वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा बसतो, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली असते, आणि ताई दर वेळी दोन जोड पुढे करून विचारते. तिसरा शुक्रवार झाला परवा. अजून त्याने उत्तर दिलेलं नाही.